लोंबत्या कानांचे कोडे आणि चार्ल्स डार्विन

आठवडे बाजारात जनावरांच्या ओळीतून जाताना एकदा नुसते कानांकडे बघा. खिल्लाराचे कान लहान, टोकदार आणि सावध. देवणीचे लांब, खाली झुकलेले. गीर गाईचे तर वळलेल्या पानासारखे. उस्मानाबादी शेळीचे कान खाली पडतात आणि जमनापारीचे त्याहून लांब, थेट लोंबतात. कुत्र्यांचेही तसेच. काहींचे कान उभे, काहींचे अर्धे दुमडलेले, तर काही विलायती जातींचे पार गालावर आलेले.

आता रानात बघा. लांडगा, कोल्हा, खोकड, हरीण, रानडुक्कर, रानमांजर यांपैकी एकाचा तरी कान लोंबतो का? नाही. रानातल्या जनावराचा कान म्हणजे राखणदार. जिकडे खुट्ट वाजेल तिकडे तो वळतो. मग तेच जनावर माणसाच्या दावणीला आले की काही पिढ्यांनी त्याचे कान का पडतात?

हा प्रश्न पोरखेळ वाटेल. पण जगातल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने तो गांभीर्याने घेतला होता. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. माणूस माकडापासून झाला असे सांगणारा माणूस एवढीच त्याची ओळख आपल्याकडे शाळेत होते. पण त्याने आयुष्यातली कितीतरी वर्षे शेतकरी, मेंढपाळ, कबूतरवाले आणि ससे पाळणारे यांच्याकडून शिकण्यात घालवली. ती हकीकत फारशी कुणी सांगत नाही.

कुत्र्यांच्या नादाचा मुलगा

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर. घर सुखवस्तू, पण चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच आई वारली. मुलाचे लक्ष शाळेत कमी आणि किडे गोळा करण्यात, शिकारीत, कुत्र्यांत जास्त. हा पोरगा घराण्याचे नाव घालवणार, अशी धास्ती वडिलांना वाटू लागली.

वडिलांनी १८२५ साली त्याला डॉक्टरकीसाठी एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळचा आरडाओरडा चार्ल्सला सहन झाला नाही आणि त्याने ते शिक्षण सोडले. मग धर्मोपदेशक तरी होईल म्हणून केंब्रिजला धाडले. तिथून १८३१ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला, पण धर्मोपदेशक काही झाला नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला ‘बीगल’ नावाच्या जहाजातून तो जगप्रवासाला निघाला. हा प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. दक्षिण अमेरिका, गॅलापॅगस बेटे, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचे टोक असे फिरून ऑक्टोबर १८३६ मध्ये तो मायदेशी परतला. भारतात मात्र तो कधीच आला नाही.

प्रवासात त्याने एक गोष्ट पाहिली. प्राण्यांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसाव्यात, त्या हळूहळू बदलत असाव्यात. पण बदलतात कशा? उत्तर शोधायला त्याला एका चालत्या प्रयोगशाळेची गरज होती. ती त्याला पशुपालकांच्या गोठ्यात आणि खुराड्यात सापडली. माणूस दहा-वीस पिढ्यांत जनावराचे रूप पालटून दाखवतो, हे तिथे उघड दिसत होते.

गावात राहणारा शास्त्रज्ञ

१८३९ साली डार्विनचे लग्न झाले. बायको एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. सप्टेंबर १८४२ मध्ये हे जोडपे लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला आले आणि डार्विनने पुढची चाळीस वर्षे तिथेच काढली. प्रकृती नाजूक, पोटाचे दुखणे कायमचे. दिवसातून काही तासच काम व्हायचे, पण त्यात खंड नसायचा.

गावात तो बंगल्यात कोंडून घेणारा साहेब नव्हता. १८५० साली गावकऱ्यांसाठी एक मदत मंडळ सुरू करण्यात त्याचा हात होता. सभासदांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि आजारपणात त्यातून मदत मिळायची, असा आपल्या भिशीच्या किंवा पतपेढीच्या जवळ जाणारा प्रकार. तीस वर्षे त्याचा खजिनदार डार्विन होता आणि हिशेब तो स्वतः बघायचा. १८५७ पासून तो मानद न्यायाधीश म्हणूनही बसू लागला.

शेतीबागायतीच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकाचा तो नेमाने वाचक होता. त्यात तो पत्रे पाठवायचा, प्रश्न विचारायचा, वाचकांचे अनुभव मागवायचा. लग्नाच्याच वर्षी, म्हणजे १८३९ मध्ये, त्याने जनावरांच्या पैदाशीविषयी एक प्रश्नावली छापून जाणत्या पशुपालकांना पाठवली होती. उत्तरे थोडीच आली. ज्याने गावात सर्वेक्षणाचे फॉर्म वाटले आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. डार्विन मात्र निराश झाला नाही. त्याने आयुष्यभर विचारणे सोडले नाही.

कबूतरवाले आणि ससेवाले

१८५५ साली त्याने अंगणात कबूतरखाना बांधला. मिळतील तेवढ्या जाती आणल्या. लंडनच्या दोन कबूतर मंडळांचा तो सभासद झाला. तिथे बडे लोक कमी आणि हौशी कारागीर जास्त. त्यांच्यात बसून हा विद्वान माणूस चोच, पिसे, शेपटी यांच्या गप्पा ऐकायचा. त्याने वेगवेगळ्या जातींचा संकर केला तेव्हा काळ्या-पांढऱ्या आजी-आजोबांच्या नातवंडांत मध्येच निळसर, पंखावर दोन काळे पट्टे असलेले पिल्लू निघाले. म्हणजे थेट आपला पारवा! सगळ्या पाळीव कबुतरांचा मूळ पुरुष हा पारवाच, या निष्कर्षाला तो आला.

या कामी भारतातूनही मदत गेली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड ब्लाइथ हा डार्विनला लांबच लांब पत्रे लिहून इथल्या पाळीव जनावरांची माहिती कळवायचा. मद्रासकडून वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने कबुतरांची कातडी पाठवली.

मग आले ससे. इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या रानात, उसात, माळावर पळणारा ससा वेगळा. तो कधी पाळीव झाला नाही. जगभर पिंजऱ्यात पाळतात तो ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. इंग्लंडमध्ये लांब, लोंबत्या कानांच्या सशांची मोठी हौस होती. प्रदर्शने भरायची, बक्षिसे लागायची. डार्विनने पट्टी घेऊन मापे काढली. रानटी सशाचे दोन्ही कान टोकापासून टोकापर्यंत मोजले तर साडेसात इंचांच्या थोडे वर भरले. प्रदर्शनातल्या एका लोंबत्या कानाच्या सशाची तीच लांबी २२ इंच होती. जवळपास तिप्पट! हौशी लोकांनी लांब कानवाले निवडून निवडून एवढा पल्ला गाठला होता.

डार्विन बाहेरून बघून थांबला नाही. त्याने सशांचे सांगाडे काढले, कवट्या शेजारी शेजारी मांडल्या. काही सशांचा एकच कान लोंबतो, दुसरा उभा राहतो. अशा सशाच्या कवटीत त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसल्या नाहीत. लोंबत्या कानाच्या बाजूचे हाड, कानाच्या भोकाची दिशा, सगळेच बदललेले. म्हणजे कान नुसता कातडीचा तुकडा नव्हे. तो पडला की आतल्या हाडाचीही ठेवण फिरते. शिवाय शरीराच्या मानाने पाळीव सशाचा मेंदू रानटी सशापेक्षा लहान असतो, हेही त्याच्या मापात आले.

कान का पडले? डार्विनचे म्हणणे

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. जातींची उत्पत्ती कशी झाली हे सांगणारा. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती पुस्तकविक्रेत्यांनी लगेच उचलल्या. या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण रानावर नाही, गॅलापॅगसवरही नाही. ते आहे पाळीव जनावरे आणि पिके यांच्यावर. लोंबत्या कानांचा प्रश्न त्यातच पहिल्यांदा येतो.

जानेवारी १८६८ मध्ये त्याने पाळीव जनावरे आणि पिकांतल्या बदलांवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात त्याने यादीच दिली. चीनमधली मांजरे, रशियाच्या काही भागांतले घोडे, इटलीतल्या मेंढ्या, भारतातल्या शेळ्या आणि गुरे, आणि सगळीकडचे ससे, डुकरे, कुत्री. या सगळ्यांचे मूळ पूर्वज उभ्या कानांचे, पण पाळल्यावर प्रत्येकात कुठे ना कुठे लोंबत्या कानांची जात निघाली. रानातला अपवाद एकच, तो म्हणजे हत्ती. हत्तीचे हे निरीक्षण कलकत्त्याच्या ब्लाइथचे. आपल्या शेळ्या आणि गुरे या कोड्यात दीडशे वर्षांपूर्वीच अशी नोंदली गेली.

कारण काय? डार्विनने त्या वेळी चालत असलेले मत बहुतांशी मान्य केले. माणूस राखण करतो, त्यामुळे जनावराला कान टवकारण्याची गरज राहत नाही. कानाचे स्नायू वापरात नसले की कमजोर होतात आणि कान पडतो, असे ते मत. ऐकायला पटण्यासारखे आहे. पण पुढे ते पुरे पडले नाही.

याच्या जोडीला त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आजही टिकून आहे. शरीराचे भाग एकमेकांशी बांधलेले असतात. एक बदलला की दुसरा न बोलावता बदलतो. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात. केस नसलेल्या कुत्र्यांचे दात अपुरे असतात. सगळ्यात बोलके उदाहरण कबुतरांचे. हौशी लोकांनी आखूड चोचीची कबुतरे निवडत नेली, ती इतकी की पिल्लाला अंड्याचे कवच फोडता येईना. पुष्कळ पिल्ले अंड्यातच मरायची आणि मालकाला हाताने कवच फोडून द्यावे लागायचे. चोच मिळाली, पण पिल्लू गेले.

घरातले दुःख

एमा आणि चार्ल्स यांना दहा मुले झाली. त्यांपैकी तीन लहानपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ साली दहा वर्षांची होऊन वारली. हा घाव डार्विनच्या मनातून कधी गेला नाही. धाकटा मुलगा जून १८५८ मध्ये लाल तापाने गेला. त्याच दिवसांत लंडनच्या सभेत डार्विनचा आणि वॉलेस या दुसऱ्या शास्त्रज्ञाचा शोध वाचला जाणार होता. १ जुलैला तो वाचला गेला तेव्हा डार्विन घरीच होता.

पशुपालकांकडून त्याने एक गोष्ट पक्की ऐकलेली होती. सारखी नात्यातल्या नात्यात पैदास केली की वाण खचते, पिल्ले दुबळी होतात. आणि आपण तर मामाची मुलगी केली! आपल्या मुलांच्या आजारपणाला हेच कारण नसेल ना, ही टोचणी त्याला कायम लागली. पण नुसता कुढत बसला नाही. त्याने अकरा वर्षे झाडांवर प्रयोग केले. एकाच झाडाच्या परागापासून झालेली रोपे आणि दुसऱ्या झाडाच्या परागापासून झालेली रोपे शेजारी लावून मापली. बहुतेक ठिकाणी दुसरी रोपे उंच आणि जोमदार भरली. १८७६ साली हे निष्कर्ष त्याने ग्रंथरूपाने मांडले. त्याआधी १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नांचा प्रश्न घालावा म्हणून त्याने खटपट केली होती, पण पार्लमेंटने तो घेतला नाही.

गाडी कुठे अडली

डार्विनला एक गोष्ट शेवटपर्यंत उलगडली नाही. आई-बापाचा गुण पिल्लात जातो कसा? १८६८ च्या ग्रंथात त्याने अंदाज केला की शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण निघतात, ते बीजात गोळा होतात आणि पुढच्या पिढीत जातात. न वापरलेला कान कमजोर कण पाठवणार, म्हणून पिल्लाचा कान पडणार, असा हिशेब त्यातून जुळत होता.

त्याचा नातलग, सावत्र आत्याचा मुलगा फ्रान्सिस गाल्टन, याने हे तपासायचे ठरवले. त्याने एका रंगाच्या सशांत दुसऱ्या रंगाच्या सशांचे रक्त भरले आणि मग त्यांची पैदास केली. रक्तातून कण जात असतील तर पिल्लांचा रंग बिघडायला हवा. तसा तो बिघडला नाही. १८७१ साली गाल्टनने निकाल जाहीर केला. कण रक्तातूनच जातात असे मी म्हटले नव्हते, असा खुलासा डार्विनने केला, पण अंदाजाला धक्का बसला तो बसलाच. गंमत बघा, खरे उत्तर १८६६ मध्येच छापून झाले होते. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून अनुवंशाचे नियम काढले होते. जगाने त्याची दखल घेतली १९०० साली, डार्विनच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.

पुढे काय कळले

१९५९ साली रशियातल्या नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दरवर्षी माणसाला कमी घाबरणारे, न चावणारे कोल्हेच पैदाशीला ठेवायचे, बाकी कशाकडे बघायचे नाही. आठ-दहा पिढ्यांत काही पिल्लांचे कान लोंबते राहू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वळल्या. कानासाठी कुणी निवड केलीच नव्हती! निवडला होता फक्त स्वभाव.

असे का व्हावे, यावर २०१४ साली तीन शास्त्रज्ञांनी एक अंदाज मांडला. गर्भ वाढत असताना पाठीच्या कण्याच्या जागेतून काही पेशी निघून अंगभर पसरतात. त्यांच्यापासून कातडीचा रंग, चेहऱ्याची हाडे, कानातली कूर्चा आणि भीतीच्या वेळी काम करणाऱ्या ग्रंथीचा काही भाग तयार होतो. शांत जनावर निवडले म्हणजे या पेशी कमी किंवा मंद असलेले जनावर निवडले जात असावे. मग ग्रंथी थंड आणि कूर्चा मऊ. कूर्चा मऊ म्हणून कान पडका. हा अंदाज सगळ्यांना मान्य नाही. रशियातले कोल्हे कॅनडातल्या फार्मवरून आलेल्या वंशाचे होते आणि त्यांच्यात आधीपासूनच काही बदल झालेले होते, असा आक्षेप २०१९ साली घेतला गेला. शिवाय ससे आणि काही कुत्र्यांत लोकांनी लांब कान मुद्दाम निवडले, हेही खरेच. कुत्र्यांत कान उभा की पडका हे ठरवण्यात एका विशिष्ट गुणसूत्रावरच्या जनुकांचा वाटा असल्याचेही दिसून आले आहे. न वापरल्यामुळे कान पडला आणि ते पिल्लात उतरले, हे मात्र आता कुणी धरत नाही.

आपल्या दावणीसाठी

यात आपल्या कामाचे काय? पहिली गोष्ट, कान ही जातीची ओळख आहे, कसाची हमी नव्हे. लांब कान बघून बोकडाला चढी किंमत मोजाल, पण त्याच्या आईचे दूध किती, तिला जुळी होत होती का, त्याचे वजन महिन्याला किती वाढले, हे विचारले नाही तर आखूड चोचीच्या कबुतरासारखे व्हायचे. हौस पुरी होईल आणि पदरात काही पडणार नाही.

दुसरी गोष्ट, तोच बोकड किंवा तोच वळू वर्षानुवर्षे ठेवू नका. त्याच्या पाटी किंवा कालवडी माजावर यायच्या आत तो बदला. गावात दोघा-चौघांनी मिळून अदलाबदल केली तर खर्चही येत नाही. नको असलेल्या नरांचे वेळीच खच्चीकरण करून घ्या. ग्रामपंचायतीने आणि दूध संस्थेने यात पुढाकार घेतला तर काम सोपे होते.

तिसरी गोष्ट, लोंबत्या कानाच्या जनावराचा कान आठवड्यातून एकदा उचलून आतून बघा. तिथे हवा कमी खेळते, ओल राहते, गोचीड लपतो. वास किंवा पू दिसला तर पशुवैद्यकाला दाखवा.

आणि चौथी गोष्ट, वही ठेवा. विल्याची तारीख, करडे किती, वजन किती, बाप कोणता. डार्विनकडे ना मोठी प्रयोगशाळा होती ना यंत्रे. पट्टी, तराजू, पत्रव्यवहार आणि न कंटाळता केलेल्या नोंदी, एवढ्यावर त्याने काम उभे केले.

आयुष्याच्या शेवटी त्याने आणखी एका शेतकऱ्याच्या मित्राचे काम हाती घेतले. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याचा गांडुळांवरचा ग्रंथ आला. गांडुळे जमीन खालची वर कशी करतात, याची मापे त्याने कित्येक वर्षे घेतली होती. गांडूळखताच्या प्रशिक्षणात आज जे सांगतात त्याच्या मुळाशी हे काम आहे. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डाउन इथल्या राहत्या घरी डार्विन वारला. गावातच दफन व्हावे अशी घरच्यांची तयारी होती, पण देशाने त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा दिली.

लोंबत्या कानांचे कोडे त्याच्या हयातीत सुटले नाही आणि आजही पुरते सुटलेले नाही. पण ते कोडे आहे हे त्याने ओळखले, कारण गोठ्यातल्या माणसाला जे रोज दिसते ते त्याने बारकाईने मोजले आणि लिहून ठेवले. गोठा तर आपल्याकडेही आहे. वही तेवढी कोपऱ्यात टांगून ठेवायची.